सस्क्वेहाना नदीवर स्मॉलमाउथ बास: जुन्या मित्राबरोबर एक दिवस

वाशिष्ठीकाठ

ऑगस्टच्या मध्यावर न्यूजर्सीहून हॅरिसबर्गला मित्राकडे गेलो होतो. चिपळूणला आम्ही एका बाकावर बसायचो आणि शाळा सुटली की वाशिष्ठीवर गरवायला जायचो. तो बरीच वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे आणि सस्क्वेहाना नदीत स्मॉलमाउथ बास पकडतो. पकडतो आणि सोडतो. अमेरिकेतले आपले लोक मासेमारीचा परवाना काढतात ते बहुतेक तळ्यावरच्या ट्राउटसाठी. नदीतल्या बासकडे फार थोडे वळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी नदी सांगतो, कारण ती कळल्याशिवाय हा मासा कळत नाही. सस्क्वेहाना न्यूयॉर्क राज्यातल्या ओट्सेगो तलावातून निघते आणि ४४४ मैल वाहून चेसापीकच्या उपसागराला मिळते. हॅरिसबर्गपाशी तिचं पात्र जवळपास मैलभर रुंद आहे, आणि तरी उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी पाणी जेमतेम कमरेएवढं. डंकनन गावाजवळ जुनियाटा तिला मिळते. तिथून खाली ती डोंगरांच्या रांगा एकामागून एक आडव्या कापत जाते. डोंगर झिजला, पण त्यातला कठीण खडक नदीच्या तळाशी तसाच राहिला. त्यामुळे या काठापासून त्या काठापर्यंत कातळाच्या पट्ट्या पसरल्या आहेत, देवळासमोरच्या घाटाच्या पायऱ्या असाव्यात तशा. प्रत्येक पट्टीवरून पाणी उतरतं, खाली खळगा करतं, पुढे संथ होतं आणि पुढच्या पट्टीवर पुन्हा खळाळतं. स्मॉलमाउथला अशीच जागा लागते: खडक, स्वच्छ पाणी, वाहती धार आणि तिच्या शेजारीच विसाव्याला संथ पाणी.

आदल्या रात्री मित्राने हॅरिसबर्गच्या मापकावरची पातळी पाहिली. ती सरकारी संकेतस्थळावर सतत कळते. साधारण ३.६ फूट होती. "उत्तम आहे," तो म्हणाला, "पाच-सहाच्या वर गेली असती तर तुला घरी बसवून भजी खायला घातली असती." एक गाडी खाली फोर्ट हंटरच्या धक्क्यावर ठेवली, दुसऱ्या गाडीवर दोन कयाक टाकून वर डंकननपाशी गेलो आणि उजाडता उजाडता पाण्यात उतरलो. मधलं अंतर दिवसभर रमतगमत जावं एवढं.

सकाळचं धुकं पाण्यावरून हललं नव्हतं. मित्राने मला पाण्यावर तरंगत फिरणारं आमिष बांधून दिलं. त्याच्या शेपटीला पातं असतं, ओढलं की गुडगुड आवाज करत येतं. बेटाच्या कडेला जिथे पाणगवत संपून खोली सुरू होते, तिथे टाकायला सांगितलं. मी नेमक्या मधल्या धारेत टाकत होतो.

"मेल्या, धारेत कशाला? धारेत राहून मासा दमेल नाही का? धार आणि संथ पाणी भिडतं ती रेघ बघ. तो संथ बाजूला बसलाय आणि धार त्याच्या तोंडासमोरून खाणं घेऊन चाललीये."

एकदा ती रेघ दिसायला लागली की सगळी नदीच वेगळी दिसते. मोठ्या दगडाच्या मागे दोन रेघा सुटतात. कातळपट्टीला जिथे खिंडार असतं तिथे रेघ लांबवर खाली जाते. बेटाच्या शेपटाकडे दोन्ही बाजूंच्या धारा एकत्र येतात, ती जागा तर हमखास. लहानपणी वाशिष्ठीत आपण डोहात गरी सोडून वाट बघत बसायचो. इथे वाट बघायची नसते, नदी वाचत पुढे जायचं असतं. मला हा प्रकार फार आवडला.

पहिला बास लागला तो त्या रेघेवरच. पाणी फुटलं, आमिष नाहीसं झालं आणि दुसऱ्या क्षणी मासा हवेत. स्मॉलमाउथ लांब पळत नाही. तो उडी मारतो, डोकं झटकतो, खाली बुडी घेतो, कयाकखालून पलीकडे जातो आणि आता थकला असं वाटतं तेव्हा पुन्हा उडी मारतो. तेरा-चौदा इंचांच्या माशात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. हातात आला तेव्हा नीट पाहिला. कांस्याचा हिरवट रंग, अंगावर उभे पट्टे, डोळे लाल. त्याचा भाऊबंद लार्जमाउथ बास. त्याच्या अंगावर आडवा पट्टा असतो आणि जबडा डोळ्याच्या मागे जातो. स्मॉलमाउथचा जबडा डोळ्यापाशीच थांबतो. दोघेही सनफिशच्या कुळातले.

ऊन चढल्यावर वरचा खेळ संपला. मित्राने आमिष बदललं: रबराची पोकळ नळी, एका टोकाला झालर, आत शिशाचं डोकं असलेली गरी. ती तळाशी सोडून झटके देत ओढायची. इथल्या दगडांखाली क्रेफिश असतात, गोड्या पाण्यातले छोटे शेवंडच म्हणा. घाबरला की तो मागे मागे उडतो, आणि नळी नेमकी तशीच उडते. मोठ्या स्मॉलमाउथचं मुख्य खाणं हेच. नळी दगडात अडकतेही फार, त्याला इलाज नाही. जिथे अडकत नाही तिथे मासाही नसतो, असं मित्राचं मत आहे आणि मला ते पटलं.

दुपारी एका बेटावर सपाट कातळ बघून बसलो. वहिनींनी दिलेलं थालीपीठ आणि थर्मासमधला चहा. वरच्या झाडांवर पांढरे बगळे, मधूनच एक गरुड नदीवरून जायचा. बोलणं साहजिकच चिपळूणवर गेलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात त्याच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, आणि तो इथून फोन लावत बसला होता. तो म्हणाला, या नदीलाही लोक उगाच भीत नाहीत. १९७२ मध्ये ॲग्नेस वादळात इथे मापकावर ३२ फुटांच्या वर पाणी चढलं होतं. आम्ही ज्या पाण्यात पाय सोडून बसलो होतो ते ३.६ होतं. मी बराच वेळ दोन्ही काठांकडे बघत राहिलो.

मग त्याने मला २००५ ची गोष्ट सांगितली. त्या उन्हाळ्यात नदीतली बासची पिल्लं मोठ्या संख्येने मेली. अंगावर चट्टे आणि जखमा. पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा तेच. पिल्लंच उरली नाहीत म्हटल्यावर थोड्या वर्षांत मोठे मासेही दिसेनासे झाले. मित्र तेव्हा नुकता या नदीवर यायला लागला होता. दिवसभर फिरून एकही मासा न दिसता घरी जायचा. पाणी कमी, पाणी तापलेलं, प्राणवायू कमी, रोगजंतू, शेतांतून येणारी रसायनं, सगळ्यांवर संशय होता. २०१५ मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात दोन कारणं सर्वांत संभाव्य ठरली: संप्रेरकांमध्ये ढवळाढवळ करणारी रसायनं व तणनाशकं, आणि रोगजंतू व परजीवी. राज्याच्या मत्स्य व नौका आयोगाने २०११ मध्ये नदीच्या या भागात नियम केला की पकडलेला बास तिथल्या तिथे सोडायचा. हळूहळू मासे परत आले. मित्र सांगताना थांबला नाही, आवाजही चढवला नाही, पण त्याची वही दाखवली. तारीख, पातळी, तापमान, प्रत्येक माशाची लांबी. मधली पानं जवळपास कोरी.

संध्याकाळी डॉफिनजवळच्या अरुंद भागातून उतरलो. तिथे नदीत जुन्या पुलाच्या खांबावर स्वातंत्र्यदेवतेची छोटी प्रतिकृती उभी आहे. सूर्य डोंगराआड गेल्यावर पाण्यातून पांढरे किडे उठायला लागले. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी ते थव्यांनी निघतात, अंडी घालतात आणि मरतात. पाण्यावर जिकडे तिकडे वर्तुळं उठत होती, सगळी नदीच जेवायला बसली होती. मित्राच्या दोरीला त्या गर्दीत १८ इंची मासा लागला. त्याने तो पाण्यातच धरून मोजला, फोटोपुरता क्षणभर उचलला आणि तोंड धारेकडे करून धरून ठेवला. माशाने स्वतःच शेपटी मारली आणि गेला.

"एवढा व्हायला याला आठ-दहा वर्षं लागली असतील," तो म्हणाला. "म्हणजे त्या वाईट वर्षांनंतरची ही पिढी."

समोर रॉकव्हिलचा दगडी रेल्वेपूल दिसायला लागला. १९०२ मध्ये पुरा झालेला, ४८ कमानींचा. त्याच्या अलीकडे फोर्ट हंटरला बाहेर पडलो.

कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

---

खाडीवरचा

सुरेख. रेघेचा भाग वाचून आमच्या जयगडच्या खाडीतली तांबोशी आठवली, तीही अशीच भरती-ओहोटीच्या धारेच्या कडेला असते. पण एक गोष्ट मनाला पटत नाही, स्पष्ट बोलतो. मासा धरायचा तो कालवणासाठी. खायचा नसेल तर त्याच्या तोंडात गरी घालायची कशाला? भूक असेल तर समजू शकतो, मजेसाठी जीव दमवायचा हे माझ्या आजोबांना अजिबात चाललं नसतं.

---

वाशिष्ठीकाठ

@खाडीवरचा, प्रश्न योग्य आहे, आणि मी दुपारी बेटावर मित्राला हेच विचारलं होतं. त्याचं उत्तर आणि माझं मत दोन्ही लिहितो.

नियमाने इथे सोडावाच लागतो, हे झालंच. पण नियम नसता तरी मी सोडला असता. स्मॉलमाउथ सावकाश वाढतो. १५ इंचांचा व्हायला सहा-सात वर्षं सहज जातात. आपल्याकडची चिलापी वर्षभरात ताटात येते, तिचा हिशेब याला लागू होत नाही. नदीतले मोठे मासे चार रविवारांत संपवता येतात आणि परत यायला दशक लागतं. शिवाय पेनसिल्व्हेनियात कुठल्याही नदी-तळ्यात गरीने धरलेला मासा आठवड्यातून एका जेवणापेक्षा जास्त खाऊ नका, असा राज्याचा सर्वसाधारण सल्ला आहे. काही ठिकाणी त्याहून कडक.

त्रास होतो, हे मी नाकारत नाही. म्हणून तो कमी कसा करायचा हे शिकणं ही पकडणाऱ्याची जबाबदारी. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकायचा, म्हणजे ती लगेच सुटते. हात ओले करूनच धरायचा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि तिथे रोग शिरतो. फार बारीक दोर वापरून तासभर खेळवायचा नाही. पाणी फार तापलं असेल त्या दिवशी जायचंच नाही. आणि या नदीसाठी जे लोक आज भांडतात, पाण्याचे नमुने घेतात, सभांना जाऊन बसतात, त्यांत या गरीवाल्यांची संख्या मोठी आहे. मासे मेले हे सर्वांत आधी त्यांनाच दिसलं होतं. आजोबांचं म्हणणं मी आदराने ऐकतो, पण ही बाजूही खरी आहे.

---

पोटोमॅकपार

मी मेरीलँडला असतो, आमच्याकडे पोटोमॅकमध्ये हाच मासा. एक गोष्ट सांगावीशी वाटते: स्मॉलमाउथ मूळचा या पूर्वेकडच्या नद्यांमधला नाहीच. तो ओहायो, मिसिसिपी आणि पंचमहासरोवरांच्या खोऱ्यातला. १८५४ मध्ये बाल्टिमोर-ओहायो रेल्वेच्या इंजिनाला जोडलेल्या पाण्याच्या टाकीत घालून काही मासे डोंगरापलीकडून कंबरलँडला आणले आणि तिथल्या कालव्यात सोडले. तिथून पोटोमॅकभर पसरले. सस्क्वेहानात त्यानंतर सोडले गेले. म्हणजे तुमच्या मित्राने ज्या माशासाठी एवढं मन लावलंय तो या नदीत आगगाडीच्या काळापासूनचा पाहुणा आहे.

---

रानहळद

@पोटोमॅकपार यांनी हा मुद्दा काढला हे बरं झालं. मी जलजीवशास्त्र शिकवते, म्हणून जरा नेटाने लिहिते. स्मॉलमाउथ जिथे नव्याने सोडला गेला तिथे सगळीकडे गोष्ट गोड नाही. पश्चिमेला कोलंबिया नदीत तो समुद्राकडे निघालेली सामनची पिल्लं खातो. दक्षिण आफ्रिकेत तो १९३७ मध्ये नेला आणि तिथल्या नद्यांतल्या छोट्या स्थानिक माशांची त्याने वाताहत केली. सस्क्वेहानात दीडशे वर्षांत नदी त्याच्याभोवती जुळली आहे, तिथे त्याला जपणं मला समजतं. पण "आपल्याकडे कृष्णेत-कोयनेत हा सोडला तर?" असं कोणी लिहायच्या आधी सांगते: कृपा करून नको. चिलापीने आपल्या नद्यांचं काय केलं ते भोई लोकांना विचारा. आफ्रिकन मांगूर तर बंदी असूनही तळ्यांत सापडतो.

आपल्याकडे खळाळत्या पाण्याचा, लढणारा, देखणा मासा आधीच आहे. महाशीर. त्याच्यासाठी कोणी वही ठेवत असेल तर मला आनंद होईल.

---

काळकाठची

@रानहळद ताई, महाशीर म्हटल्यावर लिहावंच लागलं. आमच्या महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. खोल कोंड, वरून झुलता पूल, आणि खाली मोठाले मासे. देवीचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि मासे वर येतात. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वरापाशीही असेच आहेत. लहानपणी आजी सांगायची की कोंडातला मासा धरला तर घरावर संकट येतं. आता मोठेपणी वाटतं, त्या धाकामुळेच त्या कोंडात मासे उरले, आणि त्याच नदीत वर-खाली सुरुंगाने आणि विषाने मारले गेले. इथे नियमपुस्तिका आहे, आमच्याकडे देवी होती.

---

खाडीवरचा

@वाशिष्ठीकाठ, उत्तर वाचलं. माझं मत पूर्ण बदललं असं नाही, पण तापलेल्या पाण्यात जायचं नाही म्हणता ते आवडलं. आमच्याकडेही जूनच्या पुरात मासा अंडी घालायला चढतो, तेव्हा शेता-ओढ्यांत लोक काठ्यांनी मारतात. चढणीचे मासे मीही खाल्ले आहेत. पोटात अंडी असलेला मासा मारायचा नाही हे आपणही पाळायला हवं. बास अंडी कधी घालतो?

---

डोह

मीच तो मित्र. याने धाग्याची लिंक पाठवली म्हणून खातं काढलं.

@खाडीवरचा, वसंतात, पाणी साठ-पासष्ट अंश फॅरनहाइटच्या आसपास आलं की. नर संथ पाण्यात शेपटीने खडी झाडून थाळीएवढं घरटं करतो. मादी अंडी घालून जाते, नर राखण करतो. पिल्लं फुटून पांगेपर्यंत तो जवळपास काही खात नाही आणि घरट्याजवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. त्या रागामुळे तेव्हा तो गरीला सहज लागतो. त्याला दोन मिनिटं जरी बाहेर काढलं तरी बाजूला टपलेले छोटे सनफिश तेवढ्यात अंडी साफ करतात. म्हणून त्या दिवसांत मी घरट्यांच्या बाजूला फिरकत नाही. काठावर बसून बघतो. बघण्यासारखं असतं.

@रानहळद, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मला ही नदी आणि हा मासा लाभला, मी यालाच जपतो. चिपळूणला आलो की तिथल्या पाण्याला तिथलाच मासा हवा.

---

नवशिकी_पुणेकर

मी हॅरिसबर्गजवळ मेकॅनिक्सबर्गला राहते. बाबा सप्टेंबरमध्ये येणार आहेत. ते देवरूखचे, सत्तरी ओलांडली आहे, पण तरुणपणी बावनदीवर गरवायचे आणि अजून त्याच गोष्टी सांगतात. त्यांना हा अनुभव देता येईल का? कयाक त्यांना झेपेल असं वाटत नाही. साहित्य काय घ्यायचं?

---

डोह

@नवशिकी_पुणेकर, नक्की देता येईल, आणि सप्टेंबर उत्तम. पाणी निवतं, मासे हिवाळ्याआधी भरपूर खातात, दुपारीही लागतात.

परवाना: सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला लागतो. तुम्ही इथल्या रहिवासी म्हणून वर्षाचा काढा. बाबांसाठी बाहेरून आलेल्यांचे एक, तीन आणि सात दिवसांचे परवाने मिळतात. ऑनलाइन निघतो. त्या वर्षीची नियमपुस्तिकाही तिथेच वाचा, नदीच्या प्रत्येक भागाचे नियम वेगळे आहेत.

साहित्य: साडेसहा-सात फुटी मध्यम-हलकी काठी, स्पिनिंग रीळ, आठ पौंडी तंगूस. एवढ्यावर वर्षं निघतात. रबरी नळ्या किंवा बोटभर लांबीचा मऊ किडा, सोबत छोट्या शिशाच्या डोक्याच्या गऱ्या. जड शिसं नको, दगडात रुतेल. जुने बूट आणा जे भिजले तरी चालतील, चपला अजिबात नकोत. कातळावर शेवाळ असतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हॅरिसबर्ग शहरात सिटी आयलंडच्या खाली डॉक स्ट्रीटचा बुटका बंधारा आहे. वरून पाहिलं तर नुसती पाण्याची सरळ रेघ दिसते. खाली पाणी उलटं फिरतं आणि माणसाला सोडत नाही. तिथे अनेक जीव गेले आहेत. त्याच्या जवळपास बोटीनेही नको, पायांनीही नको. बाबा पोहणारे असले तरी पाण्यात उतरताना अंगात लाइफ जॅकेट घालायला लावा. कोकणातली माणसं ऐकत नाहीत, मला माहीत आहे, तुम्ही ऐकवा.

जागा फोर्ट हंटर. काठ सोपा आहे, गाडी जवळ लागते, बसायला सावली आहे. बाबा आले की इथेच निरोप ठेवा. मापकावर पातळी चारच्या खाली असेल तो शनिवार धरू, मी दोन काठ्या घेऊन सकाळी सातला येतो. बाबांना गरी बांधायची त्यांची गाठ विसरू नका म्हणावं, मला ती शिकायची आहे.